थंडीची रात्र कोणाच्या वाट्याला?

(नवदीक्षित कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी आपणांपुढे कायद्याविषयी बोलावे अशी चालकांची इच्छा आहे. मी बोलणारही आहे. परंतु थंडीचे दिवस आहेत, म्हणून आरंभी एक घरगुती प्रश्न विचारतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वृद्ध आई, अर्धांगवायू झालेले वडील किंवा अपंग भाऊ अंथरुणास खिळून आहे. रात्री दोन वाजता उठून त्यांची ओली चादर कोण बदलते? प्रत्येकाने मनाशी उत्तर द्यावे. बहुतेक घरांत ते एकच निघेल: सून, आणि सून नसेल तर घरातील मुलगी.

माझ्याही घरी हेच घडले. माझी आई तीन हिवाळे बाजेवर होती. दिवसा मी न्यायालयात परक्यांच्या हक्कांसाठी भांडत असे आणि रात्री निश्चिंत झोपत असे. तिसऱ्या हिवाळ्यात पत्नी तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी प्रथम रात्री उठलो. गार पाण्यात चादर पिळताना बोटे बधिर झाली आणि मला उमगले की, ज्याला मी आजवर 'सेवा' म्हणत होतो त्याचे खरे नाव 'वेठ' होते. आपल्या वाडवडिलांनी गावकीची वेठ वाहिली. ती टाकून आलेल्या माणसाने स्वतःच्या घरात वेठ चालू ठेवावी काय?

हिवाळ्यात हे काम दुपटीने वाढते. वृद्ध शरीराला आपली ऊब राखता येत नाही. जो हालचाल करीत नाही त्याच्या अंगात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. म्हणून हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके या दिवसांत अधिक येतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरू नका. रुग्णास एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. डोके व पाय झाकावेत. थंडीत तहान लागत नाही, तरी डॉक्टरांची मनाई नसेल तर कोमट पाणी वेळोवेळी द्यावे. गोधड्यांना रोज ऊन दाखवावे. दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत कदापि ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. बधिर झालेल्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. कातडी भाजली तरी रुग्णास कळत नाही. आणि ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, नाही तर अंगाला जखमा पडतात.

आता मला सांगा, रात्रभर दर दोन तासांनी उठणे आणि दिवसभर घर सांभाळणे एका माणसाला किती दिवस शक्य आहे? ज्या घरात शुश्रूषा करणारी व्यक्ती कोसळते, तेथे रुग्णही वाचत नाही.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पीडित झालेल्या एका भिक्षूची कथा आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी व आनंदाने मिळून त्याला धुतले, उचलले व मंचकावर निजविले. हा प्रसंग आपण भक्तीने ऐकतो. माझ्यासारख्या वकिलास मात्र त्याच प्रकरणातील पुढचा नियम अधिक मोलाचा वाटतो. मृत भिक्षूच्या चीवर-पात्राचा स्वामी संघ होय. तरीही शुश्रूषा करणाऱ्याचे उपकार मोठे, म्हणून ते त्याला देण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. शुश्रूषा करणारा श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा! तेथे केवळ स्तुती नाही, हक्क आहे.

आजचा कायदाही हेच बोलू लागला आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा अधिनियम पाहा. आई-वडिलांच्या पालनाचे कर्तव्य तो मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडे यांच्यावर टाकतो. 'मुले' या शब्दाच्या व्याख्येत सुनेचे नाव नाही. जिच्यावर कायद्याने भार टाकला नाही ती सारे करते, आणि ज्यांच्यावर टाकला ते परगावाहून प्रकृतीची चौकशी करतात! अशा अपत्यांविरुद्ध आई-वडिलांना उपविभागातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांच्या मर्यादेत निर्वाहखर्च मिळू शकतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाने वेतन न घेता काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांनाही 'काळजीवाहक' म्हणून मान्यता दिली आहे, आणि ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांकरिता काळजीवाहक भत्त्याची योजना आखण्यास शासनास सांगितले आहे. म्हणून प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढा. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, दिव्यांग व अनुसूचित जातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि १९९० पासून अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

परंतु न्यायाधिकरणाचा आदेश रात्री दोन वाजता चादर बदलावयास येणार नाही. ते काम घरातच वाटून घेतले पाहिजे. जातिव्यवस्था ही केवळ कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीही वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. मळाचे काम सुनेचे आणि औषधाची चिठ्ठी आणण्याचे मुलाचे, ही वाटणी त्याच जातीची नाही काय? आपण भिंतीवरील देव उतरविले. चुलीजवळची उतरंड तशीच ठेवली तर आपले धर्मांतर उंबऱ्याबाहेरच राहिले म्हणावयाचे.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. घरातील सर्व सज्ञान माणसांना रुग्णाभोवती बसवा. रात्रीचे प्रहर वाटून घ्या आणि पहिला प्रहर पुरुषाने घ्यावा. परगावच्या भावाने पैसा पाठवावा व सुटीत स्वतः येऊन बसावे. जी इतके दिवस जागली तिला आठवड्यातून एक अखंड रात्र आणि एक मोकळा दिवस द्या. उपकार म्हणून नव्हे, तिचा हक्क म्हणून.

जय भीम.