दार कुणाचं ठोठवायचं? कल्याण-डोंबिवलीच्या निवडणुका आणि आपण बायका

(मोहने येथे 8 मार्च 2026 च्या निमित्ताने भरलेल्या बायकांच्या बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला सांगितलंय की महापालिकेच्या निवडणुकांचा इतिहास सांगा. आता इतिहास म्हटलं की कुठल्या साली कुठला पक्ष आला, कुणाच्या किती जागा, महापौर कोण, एवढंच आठवतं. ते सगळं पेपरात येऊन गेलेलं आहे. मी तो इतिहास आपल्या बाजूने सांगणार आहे. म्हणजे असं की, नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला, तर त्या त्या काळात आपण कुणाच्या दारात जाऊन उभ्या राहू शकत होतो? आणि त्या दारात आपल्याशी कोण बोलत होतं?

कल्याणची नगरपालिका फार जुनी, 1855 ची. त्या वेळी मत द्यायचा हक्क सगळ्यांना नव्हता. ज्याच्या नावावर घर, ज्याच्या नावावर कर, त्याचं मत. घर बाईच्या नावावर कधी होतं? तेव्हा कायद्याने बाईला मज्जाव असो की नसो, नावावर काही नसल्यामुळे ती आपोआप बाहेर. स्वातंत्र्यानंतर प्रत्येकीला मत मिळालं. पण आपल्याकडे मोहन्यात तेव्हा शहर नव्हतंच. एनआरसीचा कारखाना, त्याच्या चाळी, बाजूला मूळ गावठाण, खाली उल्हास नदी.

1983 च्या 1 ऑक्टोबरला कल्याण महानगरपालिका झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ ही शहरं आणि आजूबाजूची गावं एकत्र केली. आपलं मोहने-आंबिवली त्यातच आलं. (अंबरनाथ 1992 साली पुन्हा वेगळं झालं. डोंबिवलीचं नाव नंतर जोडलं गेलं.) गाव होतं तेव्हा सरपंच होता, ग्रामसभा होती. ग्रामसभेत बायका जात नव्हत्या, हे खरं. पण सरपंचाची आई कोण, बायको कोण, हे माहीत असायचं. ती पाण्यावर भेटायची, तिला सांगता यायचं. महापालिका झाली आणि सरपंच गेला, त्याच्या जागी कोण आलं? कोणीच नाही. प्रशासक आला. निवडणूक झाली ती थेट 1995 साली. बारा वर्षं, बायांनो! ज्या वर्षी महापालिका झाली त्या वर्षी जन्मलेली पोर सातवीत गेली तरी शहराला एकही नगरसेवक नव्हता.

प्रशासक माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. काही चांगलं कामही करतात. पण त्याला आपल्या मताची गरज नसते. तो बदली होऊन येतो आणि बदली होऊन जातो. त्या काळात काही सांगायचं तर आंबिवलीला गाडी पकडायची, शहाड, मग कल्याण, तिथून चालत. एक दिवसाची मजुरी बुडवायची. मी तेव्हा घरी बसून शिवणकाम करायचे. एक खाडा म्हणजे तीन ब्लाउज. मग कोण जाणार? ज्याला खाडा परवडतो तो. म्हणजे पुढारी.

त्या बारा वर्षांतली एक गोष्ट आपल्या चळवळीतसुद्धा कुणी फारशी बोलत नाही. महाराष्ट्र सरकारने 1990 साली स्थानिक संस्थांत बायकांना 30 टक्के जागा राखीव केल्या. मुंबईत 1992 च्या निवडणुकीत त्या जागांवर बायका निवडून आल्या, महापालिकेत जाऊन बसल्या. आणि मुंबईपासून लोकलने दीड तासावर असलेल्या आपल्या कल्याणात तो हक्क नुसता कागदावर. कारण निवडणूकच नाही! हक्क देणारा कायदा आणि निवडणूक घेणारा माणूस हे दोन वेगळे असतात, हे आम्ही तेव्हा शिकलो.

मग 74 वी घटनादुरुस्ती आली, 1993 च्या 1 जूनपासून लागू झाली. एक तृतीयांश जागा बायकांना, दर पाच वर्षांनी निवडणूक, आणि ती घ्यायला राज्य निवडणूक आयोग. 1995 ला आपल्याकडे पहिली निवडणूक झाली. शिवसेना-भाजपची सत्ता आली. आणि पहिल्या महापौर एक बाई झाल्या, आरती मोकल. हे लक्षात ठेवा. आपल्या शहराची पहिली महापौर बाई आहे. त्यानंतरही वैजयंती गुजर-घोलप, कल्याणी पाटील, विनिता राणे या महापौर झाल्या. मधे 2005 नंतरची काही वर्षं राष्ट्रवादी-काँग्रेसची गेली, बाकी बहुतेक काळ युतीचा. 2010 ला मनसेने जोर केला. 2015 ला सेना-भाजप एकमेकांविरुद्ध लढले, सेना 52, भाजप 42, आणि निकालानंतर परत एकत्र बसले. एवढं पक्षांचं पुरे.

आता राखीव जागा आल्यावर आपल्या गल्लीत काय झालं ते सांगते.

एका निवडणुकीच्या आधी, संध्याकाळची वेळ, चार माणसं आमच्या घरी आली. पक्षाचं नाव सांगत नाही, कुठलाही घ्या. मी आत भाकऱ्या थापत होते. ते ह्यांना म्हणाले, "भाऊ, वहिनींना उभं करायचंय. बायकांचा वॉर्ड पडलाय. वहिनींचं नाव आहे, बायका ऐकतात त्यांचं." हे म्हणाले, बघतो. मी पीठाच्या हाताने बाहेर आले. म्हटलं, "उभी मी राहणार की हे? मग मला विचारा की." ते हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्हाला फक्त सही करायची आहे, बाकी भाऊ आणि आम्ही बघू." मी म्हटलं, सही मला येते, बाकीचंही येतं, निवडून आले तर सभेत काय बोलायचं ते आपल्या गटात ठरेल. चहा न घेता गेले. दोन घरं सोडून तिसऱ्या घरात त्यांना पाहिजे तशी वहिनी मिळाली.

त्या वहिनीवर मी तेव्हा फार टीका केली. आज तुमच्यासमोर कबूल करते, चुकलं माझं. पोस्टरवर तिचा फोटो लहान आणि नवऱ्याचा मोठा. निवडून आली. पहिलं वर्षभर नवराच "नगरसेवक" म्हणून फिरायचा, तिच्या नावाचं लेटरहेड त्याच्या खिशात. पण सभागृहात नवऱ्याला जाता येत नाही ना! तिथे तिला एकटीलाच बसावं लागायचं. दुसऱ्या वर्षी ती विषयपत्रिका घरी आणून वाचायला लागली. एके दिवशी माझ्याकडे आली, म्हणाली, "ताई, ठराव सूचना आणि लक्षवेधी यात फरक काय हो?" मलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून शोधलं. तिसऱ्या वर्षी तिने सार्वजनिक संडासाच्या दिव्यासाठी आणि कडीसाठी भांडण केलं. हसू नका. रात्री कडी नसलेल्या संडासात जावं लागतं तिलाच कळतं. इतकी वर्षं पुरुष नगरसेवकांच्या डोक्यात कडी आली नव्हती. तिच्या दारात बायका सकाळी सातला जाऊन उभ्या राहायच्या आणि ती गाऊनवर बाहेर येऊन बोलायची. आमच्या वस्तीतल्या बायकांनी बघितलेलं असं ते पहिलंच दार.

आणि पाचव्या वर्षी सोडत निघाली. वॉर्ड बायकांचा राहिला नाही. तिकीट नवऱ्याला मिळालं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. खुल्या जागेवरून बाई उभी राहू शकते, कायद्यात कुठे अडलेलं नाही. पण खुली जागा म्हणजे पुरुषाची, हे सगळ्या पक्षांनी न बोलता ठरवलेलं आहे. चिठ्ठीने दिलं, चिठ्ठीने काढून घेतलं. पाच वर्षांत शिकलेलं सगळं चुलीत.

2011 साली महाराष्ट्राने बायकांचं आरक्षण पन्नास टक्के केलं. 2015 ला आपल्या महापालिकेत 122 जागा होत्या, म्हणजे 61 बायकांच्या. चांगली गोष्ट आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण अर्ज भरायला बसलं की किती जणी गळतात ते बघा. एक, दोन मुलांची अट. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की अपात्र. मुलं किती, हे आपल्यात किती जणींनी स्वतः ठरवलं? मुलगा व्हावा म्हणून सासरच्यांनी तिसऱ्याला बसवलं, आणि त्याची शिक्षा निवडणुकीला तिलाच. दोन, जातीचा दाखला. राखीव जागेला लागतो तो वडिलांच्या बाजूचा. ओबीसीला 1967 च्या आधीचा पुरावा, अनुसूचित जातीला 1950 च्या आधीचा. म्हणजे बाईने माहेरी जायचं, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? भाऊ कागद देत नसेल तर? आपल्यातल्या अर्ध्या बायका विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून लग्न होऊन इथे आल्या. पुरुषाचे कागद त्याच्या घरातल्या ट्रंकेत असतात, बाईचे चारशे किलोमीटरवर. हे दाखल्याचं काम निवडणूक जाहीर झाल्यावर होत नाही, मधल्या वर्षांत करून ठेवावं लागतं. आपल्या गटाने हे काम हाती घ्यावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय, कुणी मनावर घेत नाही.

2015 च्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली. तेव्हा कोरोना होता, समजू शकतो. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात ओबीसी आरक्षणाचा प्रश्न अडकला. मग प्रभाग किती सदस्यांचे करायचे यावर सरकारं बदलली तसे निर्णय बदलले. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयाने सांगितलं, निवडणुका घ्या, तेव्हा कुठे हालचाल झाली. मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. पाच वर्षांहून जास्त काळ परत प्रशासक. बेरीज करा. महापालिकेला बेचाळीस वर्षं झाली, त्यातली सतराएक वर्षं आपण मतदार होतो पण मत द्यायला जागा नव्हती. ओबीसी बांधवांचा हक्क सुटायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाच वर्षांत 61 बायकांच्या जागा रिकाम्या होत्या, यावर कुठल्या पक्षाने मोर्चा काढलेला तुम्ही पाहिलात? आपण तरी काढला का?

आता जानेवारीतल्या निवडणुकीबद्दल. आधी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. या वेळी पॅनेल. 31 प्रभाग, त्यातले 29 चार-चार जणांचे आणि दोन तीन-तीन जणांचे. मशीनवर चार मतं द्यायची. आमच्या शेजारच्या आजी दोन बटणं दाबून निघाल्या होत्या, त्यांना परत बोलावलं. पॅनेलमध्ये निम्म्या बायका येतात हे खरं. पण गटार तुंबलं की कुणाकडे जायचं? पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणतो ती जागा ताईंची. चार दारं म्हणजे एकही दार नाही, असं होऊ शकतं. शिवाय एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायचा तर पैसा लागतो. अपक्ष बाईने, आपल्यासारख्या गटाच्या बाईने, पायी फिरून निवडणूक लढवायची शक्यता जवळजवळ संपली. आणि आपल्या शहरात या वेळी बऱ्याच जागा बिनविरोध झाल्या. तिथे मतदानच झालं नाही. त्यात बायकांच्याही जागा होत्या. बाई निवडून आली म्हणून आनंद मानायचा की मत गेलं म्हणून ओरडायचं? माझं मत विचाराल तर, ओरडायचं. बिनविरोध आलेल्या बाईला कुणी प्रश्नच विचारला नाही, ती कुणाला उत्तर देणार?

काही जणी म्हणतात, यापेक्षा गाव होतं ते बरं. आपल्या महापालिकेतून 27 गावं 2002 ला बाहेर पडली आणि 2015 ला परत आत आली, तिथल्या लोकांचं अजून भांडण चालू आहे. मी त्या गावांतल्या बायकांशी बोलले आहे. त्यांना कर नको आहे, पण नळ हवा आहे, आणि दोन्ही बाजूंच्या समित्यांत पुरुषच आहेत. गावाची एक गोष्ट मात्र मला हवीशी वाटते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. अनेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, तरी मागायला आधार आहे. शहरात आल्यावर आपल्याला तेवढंही नाही. शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात 2009 मध्ये आली, पण मोहन्यात अशी सभा मी पाहिलेली नाही. कुणी पाहिली असेल तर हात वर करा.

नाही ना? मग ती आपणच घेऊ. पुढच्या रविवारी चार वाजता, इथेच. आपल्या प्रभागातल्या चौघांनाही मी हाताने लिहून चिठ्ठ्या दिल्या आहेत, विषय तीन: पाण्याची वेळ, संडासाच्या कड्या आणि दिवे, दाखल्यांसाठी मदत. दोघांचा येतो म्हणून निरोप आला आहे. एक गावाला आहेत. चौथ्या आपल्या ताई. त्यांच्या घरी मी काल फोन केला. मुलाने उचलला, म्हणाला, "पप्पांना सांगतो." मी म्हटलं, "बाळा, पप्पांना नको, मम्मीला दे फोन." ती आली फोनवर. येते म्हणाली. कोणत्या विषयावर बोलू, असंही तिने विचारलं. तर तिच्याकडे आज-उद्यात कोण जातंय ते आता ठरवू या.