किल्ली ज्याची त्याच्या खिशात

श्रोतेहो, गाळप संपलं, धुराडं गार पडलं, की आपण म्हणतो, आता कारखान्याला विश्रांती. कामगार मात्र असं म्हणणार नाही. ऑफ सीझनला गव्हाणीची साखळी उतरवायची, मिलचे रोलर काढायचे, बॉडीतल्या नळ्या घासायच्या. एरवी जिथं कुणी बोटही घालत नाही, तिथं अख्खा माणूस आत शिरतो. माझं आजचं मागणं एकच आहे. ज्याचा हात यंत्रात, त्याचंच कुलूप स्विचला आणि किल्ली त्याच्याच खिशात. सुपरवायझरच्या नव्हे, ठेकेदाराच्याही नव्हे.

आटपाडी, दिघंची, खरसुंडीकडच्या मंडळींना हे नवं नाही. विहिरीत मोटारीच्या कामाला उतरणारा माणूस नुसता स्टार्टर बंद करून उतरत नाही. स्टार्टरला ऑटो जोडलेला. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. म्हणून तो तिन्ही किटकॅट फ्यूज उपसतो आणि खिशात घालतो. मग पाणी का येईना म्हणून घरातलं कुणी बटण दाबायला आलं, तर खुशाल दाबू दे. दोघं उतरले, तर दोघांच्या खिशात एकेक किटकॅट हवा. एकजण वर आला म्हणून दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको. (टू-फेजवर, म्हणजे एक किटकॅट नसतानाही, मोटार ओढणाऱ्यांनी हे उदाहरण जरा सांभाळून घ्यावं.) सोनारसिद्धनगरच्या माणगंगा कारखान्यात काय किंवा दुसऱ्या कुठल्या, चार फिटर आत असतील तर एकाच स्विचवर चार कुलपं हवीत. जो आपल्या विहिरीवर एवढा शहाणा असतो, तोच गेटच्या आत गेल्यावर ‘सांगितलंय इलेक्ट्रिशियनला’ एवढ्यावर गव्हाणीत का उतरतो?

सांगण्यावर काय होतं ते 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर दिसलं. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथं तात्पुरतं झाकण बसवलं होतं. रात्रपाळीला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला, यांनी पहिला सुरू केला. वायू सुटला, स्फोट झाले, 167 माणसं गेली. व्हॉल्व्ह काढल्याचा कागद होता, पण पाळी बदलताना तो योग्य हातात पडला नाही. कुलपाला पाळी बदलल्याचं काही नसतं. ‘आमची माणसं जुनी, अनुभवी आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, तिथंही अनुभवी माणसं होती. अमेरिकेनं 1989 मध्ये कुलपाचा नियमच केला. त्यानं वर्षाला सुमारे 120 जीव वाचतात, 50,000 दुखापती टळतात, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे.

आता म्हणाल, चालू सीझनला गव्हाण तुंबली, बाहेर ट्रॉल्यांत ऊस वाळतोय, वजन घटतंय, तिथं कुलपं कसली शोधता? अहो, कुलूप घालायला मिनिटं लागतात. माणूस साखळीत सापडला, तर मिल किती वेळ उभी राहील? आणि नुसती वीज तोडून भागत नाही. वाफेच्या व्हॉल्व्हलाही कुलूप हवं, टांगलेल्या रोलरखाली टेकू हवा. नागपूर जिल्ह्यातल्या बेल्याच्या साखर कारखान्यात 1 ऑगस्ट 2020 ला बायोगॅस प्रकल्पावर वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला, पाचजण गेले. अशा ठिकाणी वायू आधी काढायचा, मोजायचा, मगच ठिणगी.

मळीच्या टाकीचं बोलायचं राहिलंच. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्यातलं 36 वं कलम सांगायचं, एक तर आत घातक वायू नाही असा जाणकाराचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि कमरपट्टा, ज्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. आता तो दोर धरणारा जेवायला गेला तर काय, आणि आतला गुदमरला की दुसऱ्यानं तसंच का उतरू नये, हे खरं तर सविस्तर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात वर झालाय. उद्या पाळीवर जाताना किल्लीचं तेवढं विचारा.