नवरा पोर्तुगीज, बायको भारतीय: व्हिसा लागतो का?



आपल्या सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा भागातल्या कितीतरी मुली लग्न होऊन गोव्यात जातात. गोवा, दमण, दीव इथे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळत आलं आहे. त्यामुळे जावयाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि लेकीकडे भारतीय, अशी घरं आपल्याला नवी नाहीत. जावयाला आयर्लंडला किंवा फ्रान्सला काम मिळतं आणि गटाच्या बैठकीत आया आम्हांला विचारतात, "तो कुठेही जातो, मग माझ्या लेकीलाच व्हिसा कशाला?"

युरोपीय संघात २७ देश आहेत. त्यांचा २००४ सालचा एक कायदा आहे. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात गेला, तर बायकोला त्याच्याबरोबर किंवा त्याच्यामागून तिथे जाण्याचा हक्क आहे. मग ती कुठल्याही देशाची असो.

पहिल्यांदा जाताना मात्र आपल्या मुलीला व्हिसा लागतो. पण तो फुकट आणि लवकर द्यायचा, असं कायदा सांगतो. इतरांना फ्रान्सच्या याच व्हिसाला ९० युरो पडतात. कागदही मोजके: तिचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि ती त्याच्याबरोबर किंवा त्याच्याकडे जात असल्याचा पुरावा. बँकेतली शिल्लक, हॉटेलचं बुकिंग, प्रवास विमा यांची गरज नाही. एजंट "व्हिसाची फी" म्हणून पैसे मागू लागला, तर कसली फी ते आधी विचारा.

तिथे तीन महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर निवास कार्डासाठी अर्ज करायचा. अर्जाची पोच लगेच मिळते, कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यावं लागतं आणि ते साधारण पाच वर्षं चालतं. युरोपीय संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाला दिलेलं हे खास कार्ड आहे. ते जवळ असलं की नवऱ्याबरोबर संघातल्या दुसऱ्या देशात जायला व्हिसा लागत नाही. आयर्लंडमध्ये राहणारी आपली लेक हे कार्ड आणि पासपोर्ट घेऊन नवऱ्याबरोबर पॅरिसला जाऊ शकते. आयर्लंडच्या साध्या परवान्यावर ते जमत नाही.

विमानतळाच्या काउंटरवर कधी कधी अडवतात. बिनव्हिशाचा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून कर्मचारी घाबरतात. लंडनहून बुडापेस्टला गेलेल्या युक्रेनच्या एका नागरिकाकडे असंच कुटुंबीयाचं कायम निवास कार्ड होतं. व्हिसा नाही म्हणून हंगेरीच्या पोलिसांनी आत सोडलं नाही आणि विमान कंपनीला दंड केला. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. जून २०२० मध्ये निकाल लागला: अशा कार्डावर वेगळा व्हिसा लागत नाही.

आता तीन गोष्टी नीट ऐका. एक, हा हक्क नवऱ्याबरोबर किंवा नवऱ्याकडे जाताना चालतो. एकटीच मैत्रिणीकडे निघालात, तर नियम वेगळे. दोन, नवरा पोर्तुगीज आणि राहायचंही पोर्तुगालमध्येच, तर तिथे पोर्तुगालचे स्वतःचे नियम बघावे लागतात. तीन, ब्रिटन आता संघात नाही. स्विंडन, साउथॉलला आपली बरीच माणसं आहेत. तिथल्या ब्रिटिश कागदांवर २०२१ पासून फ्रान्सला बिनव्हिशाचं जाता येत नाही. नवऱ्याबरोबर जाणार असेल तर व्हिसा मात्र फुकटच मिळायला हवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे कार्ड लग्नाच्या नात्यावर मिळतं. मग नातंच तुटलं तर? नवरा वारला आणि ती त्या देशात त्याआधी किमान वर्षभर राहिलेली असेल, तर तिचा राहण्याचा हक्क जात नाही. घटस्फोटाचा अर्ज होण्याआधी लग्नाला तीन वर्षं झाली असतील आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तरीही हक्क राहतो. घरात मारहाण होत असेल तर ही वर्षांची अट आड येत नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. पुढे राहण्यासाठी आपली कमाई किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. म्हणून "कार्ड काढून घेईन" या धमकीला भिऊन मार सोसत राहू नका. तिथल्या वकिलाला किंवा महिला मदत संस्थेला विचारा.

यासाठी कागद आपल्या हातात हवेत. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा निबंधकाकडे लगेच करा. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का, ते अक्षर न् अक्षर बघा. परदेशात दाखवायच्या दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का घ्या. पोर्तुगालच्या दफ्तरातही लग्नाची नोंद करायला जावयाला सांगा. पासपोर्ट, दाखला आणि कार्ड यांची एकेक प्रत लेकीकडे आणि एकेक माहेरी ठेवा. मूळ पासपोर्ट आणि कार्ड तिच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या, सासूच्या कपाटात नको.

गटात आपण पासबुक दुसऱ्याच्या हाती देत नाही. हे कागदही तसेच सांभाळायचे. कुणाच्या घरात असा प्रवास ठरत असेल, तर तिकीट काढण्याआधी कागद घेऊन गटाच्या बैठकीला या. एकत्र बसून वाचू.