घर मानखुर्दला, काम कुठे?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल दिवसभर आपण हिंसेवर बोललो, आज सकाळी रेशन आणि आरोग्य झालं, आणि जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळेला ‘वाहतूक’ आली आहे. संयोजकांना मी दोष देत नाही. आपल्या चळवळीत बस-लोकलचा विषय नेहमी जेवणानंतरच येतो. बसमध्ये कुणी छेड काढली तर तो आपला प्रश्न. बसच आली नाही तर तो ‘नागरी प्रश्न’, म्हणजे नगरसेवकाचा किंवा पुरुष कार्यकर्त्यांचा. माझं म्हणणं असं आहे की बस न येणं हाही आपलाच प्रश्न आहे, आणि मुंबईच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये तर तो बाईच्या कमाईचा प्रश्न आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणी मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये किंवा चेंबूरच्या वाशी नाक्याला काम करतात. ही माणसं तिथे कशी आली ते आठवा. २००२ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प सुरू झाला. लोकलचे रूळ वाढवायचे, रस्ते रुंद करायचे. त्यासाठी रुळांलगतच्या आणि रस्त्यांकडेच्या सुमारे एक लाख माणसांना हलवण्यात आलं. म्हणजे शहराच्या वाहतुकीसाठी ज्यांनी जागा सोडली, त्यांच्याच वाहतुकीचा विचार सगळ्यात शेवटी झाला. घर मिळालं, २२५ चौरस फुटांचं. ते कमी लेखू नका. अंधार पडेपर्यंत पोट धरून बसायचं आणि मग रुळावर जायचं, अशी वर्षं काढलेल्या बाईला घरातल्या संडासाची किंमत विचारा. मी त्या घरांच्या विरोधात बोलत नाही.

पण घरकामाचा हिशोब बघा. झोपडी रुळाजवळ होती तेव्हा बिल्डिंगा चालत दहा मिनिटांवर होत्या. सकाळी सातला एका घरची भांडी, मग परत येऊन पोरांचे डबे, नऊला दोन घरं, दुपारी घरी, चारला पुन्हा एक घर. चार-पाच कामं जमायची कारण मधल्या वेळेत स्वतःचं घर सांभाळता येत होतं. मानखुर्दला आल्यावर सातचं काम सुटलं, कारण बस वेळेवर मिळेना आणि हार्बरच्या गर्दीत चढता येईना. मग चारचं सुटलं, कारण दुपारी परत येऊन पुन्हा जायचं तर दोनदा भाडं. एक ताई मला म्हणाल्या, “पूर्वी पोरगं तापलं तर दोन कामांच्या मधे येऊन बघून जात होते. आता बघायला यायचं भाडं कुठून आणू?” त्या सायनला पाच घरची कामं करत. आता घरी बसून इमिटेशनचे मणी ओवतात, नगावर. नवऱ्याचंही काम लांब गेलं, पण तो सकाळी निघतो आणि रात्री येतो. त्याचा प्रवास म्हणजे एकदा जाणं, एकदा येणं. बाईचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा असतो: शाळा, काम, दुसरं काम, रेशन, दवाखाना.

हे तुकडे सरकारी आराखड्यात दिसत नाहीत. मुंबईतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या पायी होतात असं सरकारनेच करवून घेतलेल्या वाहतूक अभ्यासात आलेलं आहे. तरी फुटपाथ आणि आंतरवस्ती बस यांना आराखड्यात जागा कोपऱ्यातच. बायकांसाठी काही करायचं ठरलं की ते ऑफिसच्या वेळेचं होतं. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली ही पहिली महिला विशेष लोकल सुटली. चांगलीच गोष्ट होती, शहराच्या टोकाला राहायला गेलेल्या नोकरदार बायकांना तिने मोठा आधार दिला. २०१९ मध्ये तेजस्विनी बस आल्या. पण सकाळी दहाला रिकाम्या हाताने निघालेली आणि दुपारी एकला घामाघूम परत येणारी घरकाम करणारी बाई या योजनांच्या वेळापत्रकात बसत नाही.

माहुलचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला ते माहीत आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना २०१७ पासून तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सावलीत नेऊन टाकलं. ऑक्टोबर २०१८ पासून विद्याविहारला बायाबापड्या धरण्याला बसल्या आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने माहुलची सक्ती नको, दुसरं घर द्या नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या असं सांगितलं. कोर्टात मुद्दा हवेचा होता आणि तो बरोबरच होता. पण तिथल्या बायकांशी बोलताना खोकल्याच्या पाठोपाठ रिक्षाभाड्याचाच विषय निघायचा.

आता दुसरी बाजू. माणसं बाहेर गेली त्या जागांचं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यातूनच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कामगार चाळीत, गिरणी समोर, खाणावळ मधे: त्या बाईला बसची गरजच नव्हती. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, २००१ च्या दुरुस्तीने ती आणखी रुंद केली. लोअर परळला काचेचे टॉवर उभे राहिले. कामगारांची पुढची पिढी कल्याण, डोंबिवली, विरारला गेली आणि तिथून त्याच टॉवरमध्ये साफसफाईला, डेटा एन्ट्रीला लोकलने परत येऊ लागली. स्टेशनांचे पूल मात्र गिरणीच्या काळातलेच. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. वर्तमानपत्रांनी पाऊस आणि अफवा यांवर लिहिलं. जमिनीचा वापर बदलायला परवानगी देताना तिथे रोज किती माणसं उतरणार हे कुणी मोजलं होतं का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

पैसा नव्हता असं म्हणायला जागा नाही. नव्वदच्या दशकात पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम झाला, २००९ मध्ये सागरी सेतू झाला, मार्च २०२४ पासून सागरी किनारा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्याचा खर्च १४,००० कोटींच्या घरात. त्यावर रिक्षा चालत नाही, दुचाकी चालत नाही. तो बांधला महापालिकेनेच, आणि बेस्टही महापालिकेचीच, १९४७ पासून. विजेच्या व्यवसायातल्या शिल्लकेतून बसचा तोटा भरून काढायची बेस्टची जुनी पद्धत होती. २००३ च्या वीज कायद्यानंतर ती वाट हळूहळू बंद झाली. मग तोटा कुणी भरायचा? उड्डाणपुलाला कुणी तोटा विचारत नाही, बसला दर अर्थसंकल्पात विचारतात. एके काळी चार हजारांवर असलेला ताफा आटत गेला, भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या, त्यातले काही कंत्राटदार मधेच सोडून गेले.

जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं, आणि प्रवासी परत आले. आमच्या वस्तीतल्या बायका दोन थांब्यांसाठीही बस पकडू लागल्या. मे २०२५ मध्ये तेच पाचाचे दहा झाले. तुकड्यातुकड्यांनी प्रवास करणाऱ्या बाईला किमान भाडंच सगळ्यात जास्त लागतं. दिवसाला चार वेळा चढायचं तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून ५२० रुपयांचे १०४० झाले. पास काढा म्हणाल, तर सगळीकडे चालणारा महिन्याचा पास ९०० वरून १८०० वर गेला. एका घरच्या भांड्यांचा पगार तिथेच संपला.

आणि हे झालं तेव्हा महापालिकेत निवडून आलेलं कुणी नव्हतं. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक बसला, निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. या सगळ्या काळात बेस्ट समितीही नव्हती. भाडं दुप्पट झालं तेव्हा मोर्चा नेऊन उभं राहायला दारच नव्हतं. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. त्या मिळवायला आपण भांडलो. मग त्या जागाच चार वर्षं रिकाम्या ठेवल्या गेल्या, तेव्हा आपण त्या मानाने गप्प राहिलो असं माझं मत आहे. रागावू नका.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ते एसटीपुरतं. दिल्लीने २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटकाने २०२३ मध्ये बायकांना सरकारी बस मोफत केली. ‘फुकटची सवय’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. ज्या बाईला माहेरी जायलाही नवऱ्याकडे हात पसरावा लागतो, तिच्यासमोर त्यांनी हे एकदा बोलून बघावं. मुंबईतही ही मागणी करायला मी तयार आहे, पण तिच्यासोबत फेऱ्यांची मागणी हवीच. न येणारी बस मोफत असून काय करायचं?

फेऱ्या मागायला गेलो की आगारातले साहेब म्हणतात, “या मार्गावर प्रवासी नाहीत.” म्हणून आमच्या गटातल्या सहा जणींनी पंधरा दिवस थांब्यावर वही ठेवली. पहाटे सहा ते नऊ, दुपारी बारा ते चार. बस किती वाजता आली, थांब्यावर किती जणी होत्या, त्यातल्या किती जणी कंटाळून शेअर रिक्षात बसल्या. वही पुढे ठेवल्यावर साहेबांनी ‘प्रवासी नाहीत’ हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. दुपारची एक फेरी वाढली. एकच, आणि ती पावसाळ्यात पुन्हा बंद पडली. आम्ही वही पुन्हा सुरू केली आहे.

आता नगरसेविका आहेत. त्यांच्याकडे जायचं तर प्रत्येक वस्तीची अशी वही हातात असायला हवी. रकाने कसे आखायचे ते चहानंतर गटात बसून बघू. ज्यांना लिहिता येत नाही त्या रेघा मारतात, आमच्याकडच्या अर्ध्या वहीत रेघाच आहेत आणि त्या बरोबर मोजता येतात. येताना आपापल्या थांब्याचं नाव आणि बसचा नंबर तेवढा आठवून या.