पुराच्या पाण्यात इंजिन का अडखळते?



गांधीबागेच्या कापडबाजारात ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी व्यवहार केला, त्यांना त्या काळची टू-स्ट्रोक स्कूटर निश्चित आठवत असेल. पेट्रोलपंपावर मापाने तेल मिसळून घ्यावयाचे, रुसलेली गाडी एका कुशीवर कलती करून मग किक मारावयाची, आणि प्लग काळा पडला की तो काढून घासावयाचा, हा तिचा नित्यक्रम होता. बोटीच्या पाठीमागे टांगलेली जुनी आउटबोर्ड मोटार ही त्या स्कूटरचेच भावंड होय. ज्या मिस्त्रीने स्कूटरचा कार्ब्युरेटर उघडला आहे, त्यास या मोटारीचे आजार अनोळखी नाहीत. भेद एवढाच, की बंद पडलेली स्कूटर ढकलीत नेता येते. प्रवाहात बंद पडलेली बोट मात्र आडवी होते, आणि मग ती कोठे जाणार हे पाणी ठरविते.

हा विषय विदर्भास दूरचा नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील गावे वेढली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातच अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि शहराच्या रस्त्यांवरून बोटी फिरवाव्या लागल्या. बचावाची मोटार अकरा महिने कोठीत पडून असते आणि एका रात्री तिची निकड भासते. तिचे बहुतेक दोष या पडून राहण्यातूनच उपजतात.

पहिला संशय इंधनाचा घ्यावा. आज पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की त्या पाण्यासह टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाची नळी इंधन ओढते ती तळातूनच. या तळच्या थरात वंगणतेलही फारसे नसते, म्हणून अशा इंधनावर चाललेली टू-स्ट्रोक मोटार नुसती अडखळत नाही, आतून झिजतेही. जुन्या नळ्यांचे रबर अशा पेट्रोलाने मऊ पडते व त्याचे कण गाळणीत अडकतात. गतवर्षीचे पेट्रोल काढून टाकून, निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात तेल मिसळलेले ताजे पेट्रोल भरावे. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

तरीही तक्रार राहिली, तर तिचे स्वरूप नीट पाहावे. मोटार चार-पाच मिनिटे सुरेख चालून हळूहळू गळाठत असेल, तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय, हे आधी बघावे. तो बंद राहिला की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खेचले जात नाही. नळीवरील रबरी फुगा अशा वेळी चपटा झालेला दिसतो. इतक्या क्षुल्लक कारणासाठी इंजिने उघडली जातात, हे खेदाचे आहे.

हाच फुगा दुसरी परीक्षाही घेतो. मोटार आचके देऊ लागताच एकाने तो दाबीत राहावे. तेवढ्याने ती सावरली, तर दोष पुरवठ्यात आहे: इंधनपंपाचा पडदा फाटला असेल किंवा नळीच्या सांध्यातून हवा शिरत असेल. फुग्याने फरक पडला नाही, पण चोक किंचित ओढताच ती सावरली, तर कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत सुकलेल्या पेट्रोलाचा चिकट थर बसला आहे, असे समजावे. ही छिद्रे द्रावणाने व हवेच्या दाबाने साफ करावीत. तार घालू नये, कारण तारेने छिद्र मोठे होते आणि तो बिघाड कायमचा होतो.

दोन्ही उपाय व्यर्थ गेले, तर ठिणगीकडे वळावे. दोन सिलिंडरांच्या मोटारीत दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. एक तांबूस व कोरडा आणि दुसरा काळा व ओला दिसला, तर त्या दुसऱ्या सिलिंडरात पेट्रोल पोचते पण जळत नाही. प्लग, त्याची वायर, कॉइल आणि फार जुन्या मोटारीत फ्लायव्हीलखालील पॉइंट, या क्रमाने शोध घ्यावा. दोन्ही सिलिंडरांचा दाब सारखा आहे की नाही, हेही मापून घ्यावे. तो फार कमी-जास्त असेल, तर बाकीची खटपट वाया जाते.

एक खोड मात्र अनेक मिस्त्रींत आढळते. कोठलीही परीक्षा न करता मिश्रणाचा स्क्रू फिरविण्याची त्यांना घाई असते. मंद गतीत आवाज गोड लागला की ते समाधान पावतात, पण मिश्रण पातळ झालेली तीच मोटार गती देताच दम सोडते. स्क्रूला हात लावण्यापूर्वी तो किती वेढे उघडा होता, हे लिहून ठेवावे.

पिंपातील चाचणी पुरेशी नसते, हे ग्रामपंचायतींनी ध्यानी घ्यावे. पिंपात पंख्यावर खरा भार येत नाही. तलावात, दोराने बांधलेल्या बोटीवर, गिअरमध्ये घालून पाहिल्यावाचून अडखळणे उघड होत नाही. मोटार कोरडी चालवू नये, कारण पाणी ओढणारे रबरी चक्र क्षणात जळते. थंडाव्याच्या पाण्याची धार पडते आहे, याकडे सतत लक्ष असावे. पंख्यात जलपर्णी, दोरी किंवा प्लास्टिक गुंतले, तरी निर्दोष इंजिन गिअर टाकताच बंद पडते. अधिक माणसे बसली तरीही ते गुदमरते, आणि भाराचा धोका इंजिनापुरता राहत नाही. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांनी खचाखच भरलेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले.

पावसाळा सरल्यावर मोटार ठेवताना टाकीची नळी काढावी, पाणी जोडून इंजिन आतील पेट्रोल संपेतो चालू द्यावे, आणि नंतर प्लगांच्या छिद्रांतून थोडे तेल सोडावे. नवे प्लग व प्लगपाना बोटीतच बांधून ठेवावेत. वल्हीही बोटीतच असावीत, कोठीत नव्हे.