वाढत्या शहराचा जमाखर्च

प्राथमिक शाळेंत छत्तीस वर्षें अंकगणित शिकविणाऱ्या मनुष्यास कोणत्याहि गोष्टीचा आधीं जमाखर्च मांडून पाहण्याची खोड लागते. माझेंहि तसेंच झालें आहे. झपाट्यानें वाढणारीं शहरें निरोगी कशीं राहावींत, त्यांना पुरेसें पाणी, स्वच्छ हवा व मोकळी भूमि कशी लाभावी, या प्रश्नावर मोठमोठे तज्ज्ञ विचार करीत आहेत. मी तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शिक्षक आहें. म्हणून आज मी केवळ एका शहराची वही आपल्यापुढें उघडणार आहें. तें शहर म्हणजे पुणें. त्या वहींत माझ्या स्वतःच्या नांवावरहि खर्चाची एक मोठी रक्कम आहे. ती मी लपविणार नाहीं.

प्रारंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. शहर वाढूं नये, असें म्हणण्यासाठीं मी येथें आलेलों नाहीं. मी स्वतः दौंड तालुक्यांतील एका खेड्यांतून पोटासाठीं पुण्यास आलों. आपण आंत शिरल्यावर मागून येणाऱ्यासाठीं दार लोटून घेणें हें कोणासच शोभत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील शेंकडा ४५ माणसें शहरांत राहत असल्याचें दिसून आलें. पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत २००१ सालीं २५ लाखांवर लोक होते, ते दहा वर्षांत ३१ लाखांवर गेले. पुढें २०१७ सालीं ११ आणि २०२१ सालीं २३ गांवें या हद्दींत आणखी सामील झालीं. तेव्हां शहरानें वाढावें कीं वाढूं नये, हा आतां प्रश्नच उरलेला नाहीं. या वाढलेल्या प्रपंचाचा खर्च कोणाच्या पदरीं पडतो, हा खरा प्रश्न आहे.

खेड्यांतील घराचा जमाखर्च डोळ्यांसमोर असतो. विहीर अंगणांत, उकिरडा परसांत आणि शेत वेशीबाहेर. विहिरीची पातळी उतरली कीं घरधनीण रहाटाच्या दोरावरून ओळखते आणि हात आंखडता घेते. शहराचें तसें नाहीं. तेथें पाणी डोंगरापलीकडून येतें आणि घाण वेशीपलीकडे जाते. दोन्हीं टोकें दृष्टीआड असल्यामुळें, नळ सोडला कीं पाणी येतें आणि डबा बाहेर ठेवला कीं कचरा नाहींसा होतो, एवढेंच ज्ञान आपणांस पुरेसें वाटतें.

आमच्या पुण्याच्या पूर्वजांस एवढें निश्चिंत राहतां येत नव्हतें. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रज येथें आंबिल ओढ्यास बांध घालून तलाव करविले आणि तेथून जमिनीखालून दगडी नळ बांधून सुमारें तीन कोसांवरील शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलें. त्यास ना यंत्र, ना इंधन. केवळ जमिनीचा उतार. वाटेंतील पेठांतून हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें जुन्या पुणेकरांच्या तोंडीं अजून आहेत. हौदांतून बाहेर निघालेल्या घागरी सर्वांस दिसत, आणि म्हणूनच त्या मोजल्याहि जात.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचें धरण झालें. त्यानंतर त्याच्या वरच्या अंगास पानशेत, वरसगांव आणि टेमघर हीं धरणें झालीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यावर केवढा अनर्थ ओढवला, तें आमच्या वडील पिढीनें पाहिलें. धरण पुन्हां बांधलें गेलें, आणि घरोघरीं नळ आले. नळ येणें ही वाईट गोष्ट नव्हे. लक्षावधि स्त्रियांच्या डोक्यावरची घागर त्यानें उतरविली. परंतु नळाबरोबर एक विस्मरणहि घरांत आलें. या चारहि धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यावर एकट्या पुण्याचा हक्क नाहीं. त्याच पाण्यावर कालव्यानें हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांतील शेती जगते. पुण्यांतील प्रत्येक जादा बादली कोणाच्या तरी उभ्या पिकाच्या हिशेबांतून वजा होते.

ही झाली आणण्याची बाजू. आतां टाकण्याची बाजू पाहूं. माझा धाकटा भाऊ अजून गांवींच शेती करतो. आमचें शिवार मुळा-मुठेच्या कांठापर्यंत पोंचतें. आमच्या लहानपणीं त्या नदीच्या वाळूंत झरा खणून आम्ही पाणी पीत असूं. आज तेथें उन्हाळ्यांत जलपर्णीची हिरवी गादी पसरलेली असते, आणि ती हटवली तर खालून काळें पाणी दिसतें. मागें एकदां मी गांवीं गेलों असतां भाऊ मला नदीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "दादा, तुमचं पुणं आंघोळ करतं, अन् फेस आमच्या नदीला येतो." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देतां आलें असतें. पुढें हेंच पाणी भीमेला मिळतें, भीमेवाटे उजनीच्या जलाशयांत जातें. त्या जलाशयावर सोलापूरची तहान भागते, आणि तीच भीमा पुढें पंढरपुरीं चंद्रभागा म्हणविते. आपण पायीं वारी करून जिच्यांत स्नान करतों, तिच्याकडे आधीं काय पाठविलें आहे, याचा विचार करावा.

तिसरी रक्कम पावसाची. भूमीवर पडलेलें पाणी कांहीं जिरतें, कांहीं वाहतें. पुण्याखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी हळूहळू उतरतें व विहिरींस जीवन देतें. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी यांच्या उतारांवरील गवत व झाडें पाऊस क्षणभर अडवून धरतात, म्हणून तो जिरण्यास अवकाश मिळतो. त्याच भूमीवर आपण फरशी, डांबर आणि सिमेंट पसरलें कीं जिरणारें पाणी वाहूं लागतें. आणि ओढ्याच्या दोन्हीं कांठांवर भिंती चढविल्या कीं त्या पाण्यास जाण्यास वाट उरत नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास पूर आला, भिंती कोसळल्या, घरांत पाणी शिरलें. शहर व परिसरांत त्या पावसानें वीसांहून अधिक माणसें दगावलीं. ज्या ओढ्यास बांधून पेशव्यांनीं शहरास पाणी पाजलें, तोच हा ओढा. त्याचा स्वभाव पालटला नव्हता. त्याची जागा मात्र आपण आंखडून टाकली होती.

आतां माझ्या नांवावरील रकमेकडे येतों.

१९७२ च्या दुष्काळांत मी तेरा वर्षांचा होतों. गांवांतील विहिरी आटल्या होत्या, नदीचें पात्र कोरडें पडलें होतें. आई आणि मी पहांटे दीड कोसावर जाऊन दोन घागरी पाणी आणीत असूं. वाटेंत एकदां माझ्या हातून घागर निसटली. आई मला रागें भरली नाहीं. ती खालीं बसली आणि ओल्या मातीवर नुसती हात फिरवीत राहिली. ती आठवण घेऊन मी पुण्यास आलों, शिक्षक झालों, आणि एका जुन्या वाड्यांत बिऱ्हाड केलें. वाड्याच्या चौकांत बांधीव विहीर होती. १९९५ सालीं वाडा पाडून इमारत उठविण्याचें ठरलें. विहीर राहिली तर दुचाक्या ठेवण्यास जागा पुरत नव्हती. ठेकेदारानें सर्व बिऱ्हाडकरूंकडे संमतीचा कागद फिरविला. त्यावर पहिली सही माझी आहे. वाड्याच्याच विटा व दगड टाकून ती विहीर बुजविली. त्याच आठवड्यांत मीं चौथीच्या वर्गास जलचक्राचा धडा शिकविला, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें माझ्या मनांतहि आलें नाहीं.

पुढें २०१५-१६ च्या टंचाईंत पुण्यास दिवसाआड पाणी येऊं लागलें. आमच्या दारांत टँकर उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावर बादली नेतांना आमचें कुटुंब जिन्यांत थांबलें आणि सहज म्हणालें, "विहीर असती तर बरं झालं असतं, नाहीं हो?" त्या कागदावर माझी सही होती, हें तिला ठाऊक नव्हतें. तें मीं तिला त्या दिवशीं सांगितलें.

मग मीं पाटीवर नव्हे, पण वहींत एक गणित मांडलें. आपणहि पेन्सिल घेऊन बसा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तो बरोबर एक लिटर भरतो. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर ७०,००० लिटर. त्यांतील पांचवा हिस्सा वाया गेला असें धरलें तरी ५६,००० लिटर उरतात. माणशीं दररोज १३५ लिटर या मानानें पांच माणसांच्या घरास ६७५ लिटर लागतात. तेव्हां तें पाणी जवळ जवळ ८३ दिवसांचें झालें. परंतु गणित शेवटपर्यंत सोडवावें. त्या एका छपराखालीं दहा बिऱ्हाडें असतील, तर तेंच पाणी आठ दिवसांचें. म्हणून छपरावरील पावसानें धरणाची गरज संपते, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नका. मात्र तेवढें पाणी जमिनींत मुरविलें, तर तितका भार ओढ्यावरून उतरतो आणि तितकी शिल्लक भूमीच्या पोटांत पडते. एका घराचें हें पुण्य लहान आहे. सर्व गल्लीनें केलें तर तें लहान राहत नाहीं. घरपट्टींत त्यासाठीं सवलतहि मिळते.

आमच्या इमारतींत हें घडण्यास तीन वर्षें लागलीं. बारा बिऱ्हाडांपैकीं दोघांचा विरोध होता, कारण शोषखड्ड्यामुळें एका गाडीची जागा जात होती. शेवटीं मीं माझ्या स्कूटरची जागा दिली. फार मोठा त्याग केला असें समजूं नका. मीं घेतलेल्या कर्जाचा तो पहिला हप्ता आहे.

कचऱ्याचा हिशेब थोडक्यांत सांगतों. वर्षानुवर्षें पुण्याचा कचरा उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत नेऊन टाकला गेला. तेथील विहिरींचें पाणी बिघडलें, दुर्गंधीनें लोक हैराण झाले आणि त्यांनीं वारंवार गाड्या अडविल्या. त्यांचा दोष काय? आपल्या घरच्या कचऱ्यांत निम्म्याहून अधिक भाग भाजीचीं देठें, सालें, उरलेलें अन्न यांचा असतो. तो वेगळा ठेवला तर त्याचें खत होतें. कांच-कागदांत मिसळला तर दोहोंचीहि माती होते. २०१६ च्या नियमांनीं कचरा घरींच वेगळा करणें हें प्रत्येकाचें कर्तव्य ठरविलें. परंतु नियमाच्या आधींपासून हें काम करीत आलेल्या कचरावेचक भगिनी पुण्यांत आहेत. १९९३ सालीं त्यांनीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या द्वारें त्या महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करूं लागल्या. त्यांच्या हातांत मिसळलेला डबा देणें म्हणजे आपलें आळसाचें काम त्यांच्या बोटांवर लादणें होय.

शेवटीं इंदूरची एक हकीकत. होळकरांच्या या नगरींत प्लेगनें घर केलें असतां १९१७ च्या सुमारास पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारास पाचारण करण्यांत आलें. हे गृहस्थ पुढें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांनीं घरें पाडण्याची घाई केली नाहीं. दिवाळीची मोठी मिरवणूक काढण्याचें ठरवून त्यांनीं जाहीर केलें कीं, जी गल्ली सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त असेल, तिच्यांतून मिरवणूक जाईल. झालें! प्रत्येक गल्ली झाडूं लागली. मिरवणुकींत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती, घाणीचा राक्षस होता, आणि झाडूवाल्यांस मानानें हार घालून नेलें होतें. त्याच इंदूरनें २०१७ पासून केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणांत वर्षानुवर्षें पहिला क्रमांक राखला, तो दाराशींच वेगळा केलेला कचरा उचलून. हुकमापेक्षां अभिमानानें माणूस लवकर कामास लागतो, हें गेडीस यांनीं जाणलें होतें.

श्रोतेहो, धरणांचें पाणी वाटून देणें, सांडपाणी शुद्ध करूनच नदींत सोडणें, टेकड्या मोकळ्या राखणें, ओढ्यांस त्यांची रुंदी परत देणें आणि लोकांस वेळेवर बस मिळवून देणें, हीं कामें सरकारचीं व नगरपालिकेचीं आहेत. तीं त्यांच्याकडून करवून घेण्याइतके आपण जागरूक असलें पाहिजे. परंतु ज्यानें स्वतः सही करून विहीर बुजविली आहे, त्यास केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवितां येत नाहीं.

आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या मुलांनातवंडांस दोन प्रश्न विचारा: आपल्या नळाचें पाणी कोठून येतें, आणि मोरींतून गेलेलें कोठें जातें? त्यांस उत्तर आलें नाहीं, तर त्यांस बोलूं नका. येत्या रविवारीं त्यांना घेऊन खडकवासल्यास जा. आणि मग एखाद्या रविवारीं खालच्या अंगास, माझ्या भावाच्या शेतावरून वाहणाऱ्या नदीच्या कांठीं या. हिशेब तेथें लिहिलेलाच आहे. तो फक्त वाचावयाचा आहे.