इंडिकस, इंडिका, इंडिकम

चाकूरच्या शिवारात एका बांधावर उभं राहिलं, की लॅटिन व्याकरणाचा एक अख्खा धडा नजरेच्या टप्प्यात येतो. बांधावर कडुनिंब, ज्याला गावात नुसतं लिंब म्हणतात. शास्त्रात त्याचं नाव अझाडिराक्टा इंडिका. पलीकडचा आंबा मँगिफेरा इंडिका. रानातला तीळ मात्र सेसामम इंडिकम, आणि धुऱ्यावर चरणारी देवणी गाय बॉस इंडिकस.

अर्थ सगळीकडे एकच, भारतातला. मग शेवट का बदलतो?

काळा बैल, काळी माती, काळं रान असं आपण विचार न करता बोलतो. लॅटिनचंही तसंच. तिथं तीन लिंगं, आणि विशेषण नामाच्या मागे मुकाट चालतं: पुल्लिंगी इंडिकस, स्त्रीलिंगी इंडिका, नपुंसकलिंगी इंडिकम. हिंदीत नपुंसकलिंग उरलेलं नाही. मराठी विद्यार्थ्याला ते घरचंच. विभक्तीत मात्र लॅटिन जास्त काटेकोर. आपलं ‘काळ्या’ सगळ्या विभक्तींत चालून जातं. तिथं पुल्लिंगी विशेषण षष्ठीत इंडिकी होतं, चतुर्थीत इंडिको.

खरी गंमत चिंचेची. टॅमारिंडस हा शब्द दिसायला पुल्लिंगी, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी मानतात. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये लिहिलं टॅमारिंडस इंडिका. त्यात टॅमारिंडस आला अरबी ‘तमर हिंदी’वरून, म्हणजे हिंदचा खजूर. एकाच नावात हिंदुस्थान दोनदा, आणि चिंच मूळची आफ्रिकेतली!

नपुंसकलिंगी इंडिकम रोमनांनी एकटंही वापरलं. भारतातून येणाऱ्या निळ्या रंगाला ते हेच म्हणत, आणि इंग्रजीतला इंडिगो तिथूनच आला. १९९८ मध्ये टाटांनी गाडीला नाव दिलं ते स्त्रीलिंगी रूप. मराठीत गाडीही ‘ती’च, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

नाव एकदा ठेवलं म्हणून शेवट कायमचा ठरला, असंही नाही. माणूस दिसताच रान डोक्यावर घेणारी आपली टिटवी घ्या. डच अभ्यासक बोडार्ट यानं १७८३ मध्ये तिला ट्रिंगा इंडिका म्हटलं. पुढे ती व्हॅनेलस या प्रजातीत गेली. व्हॅनेलस पुल्लिंगी, त्यामुळे पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत आज ती व्हॅनेलस इंडिकस आहे.